माजाचा काळ संपल्यावर नर एल्क कुठे शोधावा?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील नोव्हेंबरच्या रायफल हंगामाचा शिकार परवाना हाती असताना नर एल्कला (एल्क म्हणजे तिथले मोठे हरीण) त्याच्या माजातल्या शिळेसारख्या हाकेची नक्कल करून, म्हणजे शीळ वाजवून, जवळ बोलावता येईल का, आणि येत नसेल तर त्याला कुठे शोधावे. मी याच राज्यात राहतो आणि एल्कची शिकार बहुधा हिम पडू लागल्यावरच करतो, म्हणून उत्तर देतो.

शिळेवर विसंबू नये. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, म्हणजे माजाच्या काळात, नर माद्या राखतो, इतर नरांशी झुंजतो आणि खाण्याकडे फारसे लक्ष देत नाही. सुमारे तीनशे किलोंचे हे जनावर त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर चरबी संपवून बसलेले असते. गाभण न राहिलेली मादी साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर येत असल्याने ऑक्टोबरअखेर एखादी शीळ कानी पडते खरी, परंतु नोव्हेंबरात थोराड नराला दोनच गोष्टी हव्या असतात, चारा आणि एकांत. म्हणूनच दुर्बिणीतून माद्या-वासरांचा मोठा कळप दिसला, तर त्यात एखाददुसरा कोवळा नर असेल; थोराड नर बहुतेक वेळा तिथून केव्हाच निघून गेलेला असतो.

तो जातो अशा ठिकाणी, जिथे चारा, पाणी आणि दाट आडोसा काहीशे मीटरच्या आत मिळतो आणि माणसाला जायचा कंटाळा येतो. कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ परिसरात किंवा सॅन वान पर्वतांत तीन हजार मीटरच्या आसपास, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी वृक्षांची गर्द झाडी असते. तिच्यात अंगणाएवढी गवताची मोकळी जागा असली तरी त्याचे भागते. अशी जागा रस्त्यापासून फार दूरच असते असे नाही, रस्त्याच्या डोक्यावरचा पण पडलेल्या ओंडक्यांनी अडवलेला चढही त्याला चालतो. हिम वाढले की माद्या आधी खाली उतरतात आणि नर मात्र मागे वरच रेंगाळतो, त्यामुळे पहिल्याच हिमवर्षावानंतर खालच्या दऱ्यांत तळ हलवण्याची घाई मला पटत नाही.

माग वाचणे या दिवसांत सर्वांत फलदायी. नराचा खूर मोठा आणि पुढून गोलसर उमटतो. हिमातील बैठक सापडल्यास लघवीचा डाग पाहावा. तो मध्यभागी असेल तर तिथे नर बसला होता, मागच्या कडेला असेल तर मादी. मागाची कड बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागली तर माग ताजा, कडक पापुद्रा लागला तर बहुधा आदल्या रात्रीचा किंवा त्याहून जुना.

बहुतेकांची शिकार हातची जाते ती वाऱ्यामुळे, कारण तो माणसाचा वास जनावरापर्यंत नेतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की वर सरकू लागते. यासाठी सकाळी समोरच्या उतारावर बसून झाडीच्या कडा दुर्बिणीने न्याहाळाव्यात आणि हवा वर वाहू लागल्यावरच, वरच्या बाजूने किंवा आडवे, सावकाश जवळ जावे. जुन्या शिकारकथांतला हाका, म्हणजे माणसे लावून जनावर उठवण्याचा प्रकार, इथे डोक्यातून काढून टाकावा. एकदा उठलेला नर डोंगरच बदलतो.

नियमांपैकी दोन विसरू नयेत. रायफल हंगामात टोपी आणि कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड बंधनकारक आहे. अनेक विभागांत निदान एका शिंगाला चार फाटे, किंवा कपाळालगतचा फाटा किमान 5 इंच, असल्याशिवाय नर मारता येत नाही. आपण एच-1बी सारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर इथल्या संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असून वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. म्हणून परवाना सदैव जवळ ठेवावा.

चाप ओढण्यापूर्वी नर कुठे कोसळेल याचा विचार करावा. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा इथे गुन्हा आहे आणि एका नराचे मांस पाठीवरून आणायला एकट्याला अनेक खेपा लागतात. घळीच्या तळाशी उभा असलेला नर कितीही देखणा असला तरी सोबतीला कोणी नसेल, तर मी गोळी झाडत नाही.