जुन्या फोर्ड एफ-१०० पिकअपला फोर्डच्याच एक्सप्लोरर एसयूव्हीचा मागचा अ‍ॅक्सल बसेल का?

बसतो. १९५३-५६ च्या एफ-१०० साठी अमेरिकेतले हौशी लोक हे नेहमी करतात. १९९५-२००१ च्या एक्सप्लोररचा ८.८ इंची (हे आतल्या मोठ्या गिअरच्या व्यासाचं माप) अ‍ॅक्सल रुंदीला जवळपास जुळतो, शिवाय डिस्क ब्रेक आयतेच मिळतात. अडचण चाकांची: जुन्या पिकअपचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर, याचे साडेचार. म्हणजे मूळ रिम विसरा, नाहीतर अडॅप्टर लावा.

अ‍ॅक्सलवरच्या, स्प्रिंगच्या पाट्या टेकतात त्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतील, आणि तिथे घाई नको. आधी वेल्डचे नुसते टाके मारा, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ द्या, पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये फिरती शक्ती आणणारा पुढचा दांडा) गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर आहे का बघा. मगच पक्कं वेल्डिंग, तेही थंड होऊ देत देत. नाहीतर अ‍ॅक्सलची नळी वाकते. अ‍ॅक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या.