ब्रश करताना हिरड्यातून रक्त येतं, दात साफ करून घेतले तर ढिले होतात का?

तुम्ही लिहिलंय की ब्रश केला की रक्त यायलंय अन् घरचे म्हणायलेत क्लिनिंग करू नको, दात हलायला लागतात. आधी एक सांगतो, रक्त येतंय म्हणून ब्रश सोडू नका. हिरडीच्या कडेला जो चिकट थर बसतो त्यानंच हिरडी सुजते, ब्रश बंद केला की थर वाढतो अन् रक्तही वाढतं. तो थर तसाच राहिला की त्याचं दगडासारखं कीटण होतं, मग ते कोणत्या पेस्टनं, मिठानं, हळदीनं निघत नाही, डॉक्टरकडंच काढावं लागतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर तेच ते.

आता दात ढिले व्हायचं. आमच्या आईला मिश्रीची सवय, कधी रक्त आलं नाही म्हणून सगळ्यांना वाटायचं हिरड्या घट्ट आहेत. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळं आजार आत चालू असला तरी रक्त दिसत नाही, हे लय कमी लोकांना माहितीये. कीटण काढल्यावर तिचे खालचे दात हलायले तर शेजारच्या मावशी म्हणाल्या बघा, सांगितलं होतं की नाही. पण डॉक्टरनं एक्सरे समोर धरून दाखवला, दातांच्या मुळाभोवतीचं हाड आधीच खाली गेलेलं, दात नुसते कीटणाच्या आधारानं उभे होते. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही पण झीज थांबवता येते, तिनं मिश्री सोडली अन् बाकीचे दात टिकलेत.

तुमची नुसती सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडं तिरपा धरून हळूहळू फिरवा, दोन मिनिटं, अन् रात्री झोपताना तर नक्कीच. घासघास घासू नका, हिरडी खाली सरकते. मटणाचा धागा अडकला की पिन, काडी घालतात, ते बंद करा, फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा, तो किंवा फटीतला छोटा ब्रश मेडिकलवर मिळतो. क्लिनिंगनंतर थोडे दिवस गार पाणी झोंबतं, त्याला भिऊ नका.

प्रायव्हेटमधी परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. अन् घरी कुणाला शुगर असेल तर त्यांनाही सोबत न्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात अन् हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही.