वाचकांचे प्रश्न : जुना नकाशा आणि खचलेली शेतं

प्रश्न : इंग्लंडमधल्या फेन्स या सखल, पाणी उपसून शेतीखाली आणलेल्या भागाचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा आजच्या लायडार (विमानातून लेसरने मोजलेल्या) उंचीशी ताडून पाहतो आहे. शेतांत मीटरहून जास्त फरक येतो. नकाशाच चुकीचा असेल का?

उत्तर : नकाशा बहुधा बरोबर आहे, जमीनच खाली गेली आहे. ही पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. पाणी उपसल्यावर आधी ती सुकून दबते. मग हवा लागून कुजत कुजत नाहीशीच होते, आणि उरलेला कोरडा भुगा वारा उडवून नेतो. याच भागातल्या होम फेनला 1851च्या सुमारास माथा जमिनीसरसा ठेवून पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे 4 मीटर उघडा पडला आहे!

तरी सगळा फरक खचण्याच्या खात्यावर टाकू नका. नकाशावरच्या ‘बी.एम.’ (बेंचमार्क) या अक्षरांपुढचा आकडा भिंतीवर किंवा पुलावर कोरलेल्या खुणेचा असतो, जमिनीचा नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते. जमिनीसाठी अक्षरांविना असलेले सुटे आकडेच घ्या.

त्यानंतर आधारपातळी. त्या काळच्या उंची लिव्हरपूलच्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या आहेत, आजच्या न्यूलिन बंदरातल्या समुद्रसपाटीच्या 1915 ते 1921च्या सरासरीपासून. या दोहोंतलं अंतर जागेनुसार बदलतं, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा वजा करून भागत नाही. ईलीसारख्या घट्ट उंचवट्यावरच्या चर्चची अशी खूण शोधा, जिची जुनी आणि नवी दोन्ही उंची मिळते. त्यांतला फरक हीच जवळपासच्या शेतांसाठीची दुरुस्ती. पीटवरच्या घराची खूण घेतलीत तर घराबरोबर तीही खचलेली असेल. फुटांचे मीटर करायला 0.3048ने गुणा.

नकाशाच्या समासातलं, तो सुधारल्याचं वर्षही जपून वापरा. चर आणि रस्ते त्या वर्षीचे असले, तरी उंची त्याआधीच्या मोजणीची असू शकते.

प्रश्न : लायडारमध्ये शेतांतून नागमोडी उंचवटे दिसतात. नकाशात तिथे काहीच नाही.

उत्तर : त्यांना रॉडन म्हणतात. ही बुजलेल्या नद्यांची आणि भरतीच्या खाड्यांची पात्रं. पात्रातला गाळ आकसत नाही आणि भोवतालचं पीट खचतं, म्हणून नदीचा तळ आज शेताच्या वर आला आहे. नकाशात पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची, ठिपक्यांची सीमा पाहा. सरळ चर सोडून ती मध्येच वळणं घेत असेल, तर ती जुन्या प्रवाहावरून आखलेली असण्याची शक्यता मोठी. एकाकी शेतघरंही पुष्कळदा याच पट्ट्यावर सापडतील, कारण पाया धरेल अशी जमीन तिथेच होती.