घर, शाळा आणि १९४४ चा कायदा

घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश पाहण्यास अमेरिकेत १९६८ पासून कायद्याने बंदी आहे. मग अर्धशतक उलटल्यावरही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीत एवढी दरी कशी, आणि भारतीयांनी शिक्षणाच्या बळावर जे साधले ते त्यांना का साधले नाही, असा तुमचा प्रश्न आहे. या चर्चेत बहुतेकजण पगाराचे आकडे मांडतात, परंतु माझ्या मते पगारापेक्षा घराकडे पाहावे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबे जिच्या वर आणि निम्मी खाली, अशा) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९०० डॉलर. इतका फरक एका पिढीच्या कमाईतून पडत नाही. सामान्य अमेरिकन कुटुंबाची बहुतेक पुंजी राहत्या घरात असते, आणि ते घर आजोबांच्या काळात कोणाला घेता आले याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडते.

पहिल्या महायुद्धातील सैनिकांना कबूल केलेला बोनस लवकर मिळावा म्हणून १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये झोपड्या बांधून बसले होते. जनरल मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावून लावले. तशी वेळ पुन्हा येऊ नये ही धास्ती, आणि दीड कोटीहून अधिक सैनिक एकदम परतल्यावर बेकारी उसळेल ही भीती, यांतून २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यात शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क आणि वर निर्वाहभत्ता, काम नसेल तर ५२ आठवड्यांपर्यंत आठवड्याला २० डॉलर, आणि घर, शेती किंवा धंद्यासाठीच्या कर्जाला सरकारी हमी अशी तरतूद होती. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. अमेरिकेचा प्रसिद्ध मध्यमवर्ग घडवण्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे.

कायद्याच्या मजकुरात वंशाचा उल्लेख कोठेही नाही. खरी मेख अंमलबजावणीत होती. माजी सैनिकांसंबंधीच्या विधेयकांची प्रतिनिधीगृहातील समिती मिसिसिपीचे जॉन रँकिन यांच्या हाती होती, आणि वंशभेदाचे ते उघड समर्थक होते. रूझवेल्ट यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे दक्षिणेकडील सदस्य वर्षानुवर्षे जवळपास बिनविरोध निवडून येत, ज्येष्ठतेच्या नियमाने समित्यांचे अध्यक्ष होत, आणि त्यांच्या मतांशिवाय रूझवेल्ट यांचे कोणतेही मोठे विधेयक तडीस जात नसे. त्यांनी लाभ राष्ट्रीय ठेवला, पण तो देणारे हात स्थानिक ठेवले. सरकार कर्ज देत नव्हते, हमी देत होते; कर्ज गावातली बँक देणार, आणि कोणाला द्यायचे तेही तीच ठरवणार. १९४७ मध्ये मिसिसिपीतील तेरा शहरांच्या पाहणीत अशा ३,२२९ हमीच्या कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जे फक्त २ निघाली.

उत्तरेतही वाट मोकळी नव्हती. कर्जाला धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्या लाल रंगात दाखवणारे ते सरकारी नकाशे तुम्ही पाहिले असतील. सगळा दोष त्या नकाशांवर टाकण्याची प्रथा पडली आहे, ती मला पटत नाही. अधिक नुकसान घरकर्जांना हमी देण्यासाठी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेच्या स्वतःच्या नियमांनी केले. मिश्र वस्ती म्हणजे तारणाला धोका असे तिची नियमपुस्तिका मानत असे. डेट्रॉईटमध्ये एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. तेथे हमी मिळेना. मग १९४१ मध्ये त्याने मधोमध सुमारे सहा फूट उंच, फूटभर जाड आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे. आज तिच्या दोन्ही बाजूंना बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबेच राहतात, आणि तिच्या एका भागावर चित्रे रंगवली आहेत.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून बटाट्याच्या शेतांत उभी राहिलेली लेविटटाऊन ही वसाहत या सगळ्याचा नमुना आहे. सतरा हजारांहून अधिक जवळपास सारखी घरे, १९४९ मध्ये किंमत ७,९९० डॉलर, आणि माजी सैनिकाला सुरुवातीची रक्कमही भरावी लागत नसे. सुरुवातीच्या भाडेकरारात मात्र असे कलम होते की गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही या घरात राहू द्यायचे नाही. घरकामाला ठेवलेल्या नोकरांचा तेवढा अपवाद. असल्या अटींची अंमलबजावणी न्यायालये करून देणार नाहीत असा निकाल १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून लष्करातील वंशभेद संपवण्यास सुरुवात केली. ही वसाहत बांधणाऱ्या लेविट कंपनीने तरीही कृष्णवर्णीयांना घर विकले नाही. एकाच युद्धातून परतलेल्या दोन सैनिकांपैकी एकाच्या हप्त्यातून मालमत्ता साठत गेली आणि दुसऱ्याचे पैसे भाड्यात गेले. १९६८ चा कायदा येईपर्यंत त्या मालमत्तेच्या किमती बऱ्याच चढल्या होत्या, आणि मागचे भरून देण्याची कोणतीही तरतूद त्या कायद्यात नव्हती.

शिक्षणाने ही दरी भरून का निघत नाही, याचेही उत्तर घराशीच येऊन थांबते, कारण सार्वजनिक शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरातील एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील पालकांनी याविरुद्ध दावा लावला. १९६७-६८ मध्ये एजवूडचे रहिवासी १०० डॉलर मूल्यांकनामागे १.०५ डॉलर कर भरत होते आणि त्यातून राज्याच्या शाळा-निधीतला आपला ठरलेला वाटा देऊन वर दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर हाती येत होते. त्याच परिसरातील श्रीमंत अलामो हाइट्सचा दर ०.८५ डॉलर, आणि हाती येणारी रक्कम ३३३ डॉलर. म्हणजे जास्त दराने कर भरूनही शाळा गरीबच. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दावा फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले. नंतर काही राज्यांनी आपापल्या परीने सुधारणा केल्या, पण त्या सर्वत्र सारख्या झाल्या नाहीत.

आता भारतीयांशी तुलना. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, तरीही ते ‘गोरे’ नाहीत म्हणून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व नाकारले. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे येथे आली ती स्थलांतराविषयीच्या १९६५ च्या कायद्यानंतर, तीही मुख्यतः डॉक्टर आणि इंजिनिअर अशी निवडून. त्यांची पदवी भारतात कमी फीमध्ये झालेली होती, आणि ती घरे घेण्याच्या बेतात आली तोवर १९६८ चा कायदाही झाला होता. त्यांच्या कष्टांविषयी मला शंका नाही, पण शर्यतीत ती कोठून उतरली हे सोडून तुलना करता येत नाही. न्यू जर्सीत आम्ही घर पाहत होतो तेव्हा मराठी मंडळातल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न ‘डिस्ट्रिक्ट कोणता?’, म्हणजे घर कोणत्या शाळा-विभागात येते, हाच विचारला होता. आम्हीही शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते आधी पाहिले, आणि त्या गुणांसाठी लहान घराला जास्त पैसे मोजले.