पावसात हरणाच्या शिकारीला जावं की दिवस सोडून द्यावा?

जावं. पण पाऊस कसला आहे आणि हातात हत्यार कुठलं आहे, हे आधी बघावं. तुम्ही लिहिलंय की परवाना काढलेला आहे, हंगामाचे शेवटचे दोन दिवस उरलेत, दोन्ही दिवशी पावसाचा अंदाज आहे आणि रायफल न्यावी की धनुष्य ते ठरत नाहीये. मी व्हाइटटेल (अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या) हरणांच्या अनुभवावरून सांगतो, इतर हरणांनाही बरंचसं लागू पडेल. (भारतात राहून हे वाचणाऱ्यांनी मात्र असलं काही मनात आणू नये, तिथे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा सरळ गुन्हा आहे.)

भुरभुर पावसाचं हरणाला काही वाटत नाही. त्याच्या अंगावरचे बाहेरचे केस राठ असतात, हिवाळ्यात तर आतून पोकळ असतात. पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं आणि खालची मऊ लव बराच वेळ कोरडी राहते. अशा पावसात मी माद्यांना निवांत चरताना पाहिलंय. मधूनच एखादी थांबते, मान ताणते आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडते. भोवती तुषारांचं एक वलय उठतं आणि बाई पुन्हा चरायला लागतात. झोडपणारा पाऊस आणि सोबत वारा असेल तेव्हा चित्र वेगळं असतं. तेव्हा ती दाट झाडोऱ्यात, सदाहरित झाडांखाली किंवा टेकाडाच्या आडोशाला बसून राहतात. भिजण्यापेक्षा त्यांना जास्त खुपतं ते ऐकू न येणं, असं माझं मत आहे. चहूकडून आवाज, प्रत्येक फांदी हलतेय, अशा वेळी कानांवर जगणारा प्राणी बिथरणारच. तेव्हा मुसळधार पावसात मचाणावर कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. अंदाज बघून पाऊस ओसरायच्या आधी जागेवर पोचा. थांबल्यावरचा पहिला तास सोन्याचा असतो. बसलेली हरणं भुकेनं उठतात आणि रानाच्या कडेला, उघड्यावर येतात. झाडांखाली टपटप चालूच असते म्हणून ती बाहेर पडतात, असं जुने शिकारी सांगतात. कारण काहीही असो, दिसतात खरी.

पायी माग काढत जायचं असेल तर ओल्या रानासारखं सुख नाही. कोरडा पाचोळा प्रत्येक पावलाला चुगली करतो, भिजला की गप्प होतो. चार-पाच पावलं टाकायची, थांबायचं, नजर सावकाश फिरवायची, मग पुढची पावलं. अख्खं हरीण शोधू नका, कानाचं टोक किंवा पाठीची आडवी रेघ शोधा. उभ्या खोडांच्या रानात आडवी रेघ लगेच खटकते. वारा मात्र तोंडावरच घ्यायचा. पावसानं वास धुऊन जातो, मग वारा कशाला बघायचा, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. जोराचा पाऊस वास खाली दाबतो हे खरं, पण नुसती दमट हवा असली की हरणाचं नाक उलट जास्त चालतं.

आता खरा मुद्दा, ज्यावर तुमच्या रायफल-धनुष्याचा निकाल लागतो. हृदयात किंवा फुप्फुसात नेमका बार बसला तरी हरीण बहुतेक वेळा जागच्या जागी पडत नाही. पन्नास-शंभर मीटर, कधी त्याहूनही जास्त धावतं. एरवी रक्ताचा माग धरून आपण पोचतो. पाऊस तो माग पुसून टाकतो. भुरभुर असेल तर थोडा अवधी मिळतो, जोराच्या सरीत काही मिनिटांत पान स्वच्छ. बाणाच्या बाबतीत हे फार जड जातं, कारण बाण रक्तस्रावानंच मारतो आणि जनावर सापडणं सगळं त्या मागावर असतं. त्यातून बाण पोटात लागला, तर एरवी कित्येक तास थांबायचा नियम आहे. लगेच मागे गेलात तर ते उठून आणखी लांब जातं. थांबलात तर माग गेला. दोन्हीकडून कोंडी. म्हणून सततचा पाऊस असेल तर धनुष्य घरी ठेवा, निदान मी ठेवतो. रायफल घ्या, अंतर कमी ठेवा आणि हरीण पूर्ण कूस आपल्याकडे करून स्थिर उभं असेल तरच चाप ओढा. जरा जरी शंका असली तर जाऊ द्या.

बार झाल्यावर जागेवरून हलू नका. हरीण उभं होतं तिथलं एखादं झाड डोक्यात पक्कं करा, ते शेवटचं दिसलं तिथलं दुसरं, आणि होकायंत्रावर दिशा घ्या. कान लावा, पडल्याचा आवाज कधीकधी येतो. मग त्या पहिल्या जागी जाऊन रक्ताचा रंग बघा. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, गडद असेल तर बहुधा यकृत, हिरवट घाण किंवा तसा वास असेल तर पोट. फुप्फुसाची खात्री असेल तर पावसात मी एरवीसारखा अर्धा तास थांबत नाही, लगेच निघतो. जमिनीवरचं धुतलं गेलं असलं तरी नेच्याच्या पानांची खालची बाजू, आडव्या पडलेल्या ओंडक्याची पोटाकडची कड आणि मांडीच्या उंचीवर खोडाला घासलेला रक्ताचा पट्टा बघा. तिथे पाऊस थेट पोचत नाही. पळताना खूर फाकतात आणि ओल्या मातीत खोल रुततात, तो माग रक्तापेक्षा जास्त टिकतो. तरी सापडलं नाही, तर नियमात बसत असेल तिथे माग काढणारं कुत्रं बोलवा. माणसाला काहीच दिसत नाही अशा धुतलेल्या रानातही ते वास धरतं.

बंदुकीच्या नळीत पाणी जाऊ देऊ नका. तोंडावर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचा. गोळीपुढच्या हवेनंच तो फाटतो, नेम बिघडत नाही. रायफलवरच्या दुर्बिणीला झाकणं हवीतच. लेझरचं अंतरमापक पावसात आणि धुक्यात थेंबांवरच फसतं, त्यामुळे ओळखीच्या झाडांची अंतरं आधीच मोजून ठेवा. तोंडाकडून दारू भरायची बंदूक असेल तर न नेलेलीच बरी, दारू दमट झाली की बार फुसका जातो. कडक प्लॅस्टिकचा रेनकोट अंगावर खसखसतो, मऊ बाहेरचं कापड आणि आत लोकर घाला. सुती काही नको. पाच-सात अंश आणि भिजलेलं अंग यांनी माणूस कोरड्या थंडीपेक्षा लवकर गारठतो. बोटं बधिर झाली की चापावरचा ताबा गेला, तेव्हा परत फिरायचं. मचाणाच्या पायऱ्या ओल्या असतात, पडण्यापासून वाचवणारा सुरक्षा पट्टा जमिनीवरूनच अडकवा. वीज चमकली की खाली.

केशरी जाकीट घालाच. धुरकट उजेडात समोरची तपकिरी हालचाल माणसाचीही असू शकते आणि दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीत ती तुमची असू शकते.

हरीण सापडल्यावर लगेच आतडी काढून त्याचं पोट साफ करा आणि आत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका. गेलंच तर कापडानं कोरडं पुसा. ओलं मांस लवकर चिकट होतं आणि बिघडतं. आडोशाला टांगा, मोकळी हवा लागू द्या. दोन दिवसांपैकी ज्या दिवशी दुपारनंतर उघडीप दाखवतायत तो निवडा, आणि उजेड संपायच्या निदान तासभर आधी बार टाकायचा थांबवा, कारण ओल्या अंधारात माग काढणं जवळपास अशक्य आहे.