काँगोत इतकं कोबाल्ट, कोल्टन, तांबं असूनही देश गरीब का? तिथे सरकार नावाची गोष्ट आहे की नाही?

सरकार आहे. प्रश्नातला हा दुसरा भाग वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. 'आफ्रिकेत सरकारच नसतं, म्हणून लूट होते' हे वाक्य आपल्याकडे फार सहज फेकलं जातं. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात अडचण उलटी आहे: वाटेवर सरकारी माणसं जागोजागी उभी आहेत, त्यांना पगार वेळेवर मिळत नाही आणि त्यांनी घेतलेला पैसा तिजोरीपर्यंत पोचत नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. काँगोची खनिजं आणि काँगोचं युद्ध एकाच ठिकाणी आहेत असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. सरकारला खरा पैसा देणारं तांबं आणि कोबाल्ट आग्नेयेला लुआलाबा आणि ओ-कतांगा प्रांतांत आहे. कोलवेझी हे त्याचं मुख्य शहर. जगातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोतून निघतं, ते इथून. युद्ध चालू आहे ते पूर्वेला किवू आणि इतुरी प्रांतांत, गोमा शहराच्या आसपास. कोलवेझीपासून गोमा सरळ रेषेतसुद्धा हजार किलोमीटरहून लांब.

कोलवेझीकडचा पैसा कायद्याप्रमाणे कसा वाटला जायला हवा ते पाहा. 2018 च्या खाण कायद्यात तांब्यावर साडेतीन टक्के रॉयल्टी आहे, आणि कोबाल्ट 'धोरणात्मक' जाहीर केल्यामुळे त्यावर दहा टक्के. म्हणजे दहा लाख डॉलरच्या कोबाल्टवर एक लाख. त्यातले 50,000 केंद्राला, 25,000 प्रांताला, 15,000 खाण ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे तिला आणि 10,000 पुढच्या पिढ्यांसाठीच्या निधीला. कंपनीने चौघांना वेगवेगळं भरायचं. कागदावर ही रचना आपल्याकडच्या जिल्हा खनिज निधीपेक्षा स्वच्छ आहे. बिघडतं ते हद्दीवर. एकाच खाणीवर दोन शेजारच्या संस्था दावा सांगतात, आणि जिच्याकडे धड अंदाजपत्रक लिहिणारा कारकून नाही तिच्या खात्यात अचानक मोठी रक्कम येते. शिवाय घटनेप्रमाणे राष्ट्रीय महसुलाचे 40 टक्के प्रांतांनी जागच्या जागी ठेवून घ्यायचे आहेत. प्रत्यक्षात सगळं आधी राजधानी किन्शासाला जातं आणि मग जे काही परत येईल ते येतं. 2015 मध्ये 11 प्रांतांचे 26 केले, तेव्हा राज्यपाल वाढले, कचेऱ्या वाढल्या, परत येणारा पैसा मात्र त्या हिशेबाने वाढला नाही.

आता पूर्वेकडे. इथे एकच पोतं धरून चालू, गोम्याजवळच्या मासिसी भागातल्या रुबाया या खाणगावच्या कोल्टनचं. पुढचं वर्णन 2024 पूर्वीच्या व्यवस्थेचं आहे. या पोत्याची कागदपत्रं वाचायची सवय असल्याशिवाय लोक यावर मतं का देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

डोंगरात खोदणाऱ्याला तिथे 'क्रझर' म्हणतात. तो फावडं-पहारीने माती काढतो, ओढ्यावर चर करून धुतो. कोल्टन जड असल्यामुळे तळाशी राहतं. खाणीवर छोट्या खाणकामाच्या सरकारी खात्याचा माणूस पोतं तोलतो, तोंडाला क्रमांकाचा प्लास्टिक टॅग लावतो, वहीत वजन आणि तारीख लिहितो. दलाल, म्हणजे 'नेगोसियाँ', ते विकत घेऊन गोम्याच्या निर्यातदाराकडे पोचवतो. तिथे एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) लावून टँटलमचं, म्हणजे कोल्टनमधून मिळणाऱ्या आणि फोनमध्ये लागणाऱ्या धातूचं, प्रमाण मोजतात आणि भाव त्या टक्क्यावर ठरतो. (खोदणाऱ्याकडे गन नसते. त्याच्या मालात किती टक्के आहे हे घेणाराच त्याला सांगतो.) मग दुसरा टॅग, नमुना, प्रमाणपत्र आणि ट्रक मोंबासा किंवा दार-एस-सलाम बंदराकडे.

गडबड पहिल्याच टॅगवर होते. खाण बंद पडली तरी तिच्या नावाचे टॅग येत राहतात आणि ते भलत्याच डोंगराच्या पोत्यांना लागतात. हे पकडायला फार हुशारी लागत नाही: खाणीवर किती माणसं आहेत, एक माणूस दिवसाला किती काढू शकतो, याचा गुणाकार करून टॅगच्या वजनाशी ताडायचा. जुळत नसेल तर माल दुसरीकडचा. प्रयोगशाळेत खनिजाचा 'ठसा', म्हणजे ते कुठल्या खाणीचं हे सांगणारी त्याची घटकरचनाही तपासता येते, पण त्यासाठी त्या खाणीचा मूळ नमुना आधी घेऊन ठेवलेला असावा लागतो.

एप्रिल 2024 च्या अखेरीस रवांडाचा पाठिंबा असलेल्या एम23 या बंडखोर गटाने रुबाया घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या हिशेबाने ते तिथल्या कोल्टनच्या व्यापारातून आणि वाहतुकीतून महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर कर गोळा करत होते आणि माल शेजारच्या रवांडात नेऊन तिथल्या उत्पादनात मिसळला जात होता. जानेवारी 2025 मध्ये गोमा पडलं. त्यानंतर किन्शासाने मासिसीतल्या खाणी 'लाल' ठरवल्या, म्हणजे तिथला माल घेणं बेकायदा. पण ज्या डोंगरावर तुमचा टॅगवाला माणूसच उरला नाही, तो लाल ठरवून पोतं थांबत नाही.

सैन्यातही कागद आणि प्रत्यक्ष असंच जुळत नसे. पूर्वी शिपायांचा पगार वरिष्ठांच्या हातून वाटला जायचा, म्हणून यादीत मेलेली आणि पळालेली नावं राहायची. युरोपीय मदतीने पगाराची साखळी हुकुमाच्या साखळीपासून वेगळी काढली, पुढे बँकेतून पगार सुरू झाला. काँगोतला हा सुधारणांचा सर्वांत उपयोगी भाग, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

बहिष्कारवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. 'काँगोचं कोल्टन असलेला फोन घेऊ नका' हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि तो आजमावून झालेला आहे. 2010 मध्ये अमेरिकेने डॉड-फ्रँक कायद्यात 1502 हे कलम घातलं: आपल्या मालातली अशी खनिजं काँगो किंवा शेजारच्या देशांतली आहेत का, हे कंपन्यांनी जाहीर करायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात काँगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष काबिलांनी पूर्वेतलं खोदकाम बंद केलं, ते मार्च 2011 पर्यंत. बंदी उठली तेव्हा टॅग नसलेला माल मोठे खरेदीदार घेईनात, आणि किवूत टॅग पोचलेलेच नव्हते. हजारो खोदणारे कथील-कोल्टन सोडून सोन्याकडे गेले, आणि त्यांच्यामागे बंदूकवालेही.

तुम्हाला काही करायचंच असेल तर फोन कंपनीचा वार्षिक खनिज अहवाल उघडा. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांना तो मे अखेरपर्यंत द्यावा लागतो. त्यात शुद्धीकरण कारखान्यांची यादी असते. टँटलमच्या कारखान्यांची नावं शोधा आणि कंपनीला विचारा की रवांडाच्या नावाने आलेला माल तिथल्या खाणींच्या कुवतीशी कोणी ताडून पाहिला का.

एक सांगायचं राहिलं. वरचं टॅगचं सगळं वर्णन कथील, टंगस्टन आणि कोल्टनला लागू आहे. सोन्याला नाही. कोल्टनला पोतं आणि वाहन लागतं, सोनं खिशातून सीमेपार जातं.