कॉन्स्टेबलला हवालदार म्हणावे का?

प्रश्न असा आहे: क्रुसेडरांच्या (धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे आलेल्या युरोपी ख्रिस्ती योद्ध्यांच्या) अँटिऑक राज्यावरचा मजकूर मराठीत आणताना ‘कॉन्स्टेबल रेनॉल्ड माझ्वार’ याला हवालदार म्हणावे का? सेनेशल, मार्शल, चॅन्सेलर, बटलर यांचेही प्रतिशब्द हवे आहेत.

हवालदार नको. वाचकाच्या डोळ्यांपुढे चौकात शिट्टी फुंकणारे मामा उभे राहतील. हा रेनॉल्ड 1119 साली अँटिऑकचा अधिपती रॉजर मारला गेला त्या लढाईत होता, सर्मदाच्या बुरुजात कोंडला गेला आणि पुढे राज्याचा कॉन्स्टेबल झाला. म्हणजे अधिपतीच्या खालोखाल फौजेचा मुख्य.

शब्द मुळात घोड्यांचा आहे. लॅटिन ‘कोमेस स्टाबुली’, म्हणजे तबेल्यावरचा अधिकारी. ज्याच्या हाती घोडे त्याच्या हाती फौज, असे होत होत तो सेनानायक झाला. हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. पागा म्हणजे तबेला आणि सरकारी घोड्यांवरच्या स्वारांचे पथकही. (पुण्यातल्या हुजूरपागा शाळेच्या नावात तीच पागा आहे.)

कुणी म्हणेल, शिवकाळात हवालदारही मोठा होता. किल्ल्यावर होताच, सबनीस आणि सरनोबत यांच्या जोडीने गड त्याच्या हवाली असे. पण पागेत हवालदाराच्या हाताखाली 25 बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यांवरचे स्वार, आणि असे पाच हवालदार मिळून एक जुमलेदार. राज्याच्या फौजेचा मुख्य हवालदार नव्हेच, तो सरनोबत (गडावरचा नव्हे, साऱ्या फौजेचा). तेव्हा माझा कौल सरनोबताला, किंवा सरळ ‘कॉन्स्टेबल’ ठेवून पहिल्यांदा येईल तिथे दोन शब्दांत खुलासा करावा. गंमत म्हणजे कॉन्स्टेबल आणि हवालदार दोघेही घसरत घसरत अखेर एकाच पोलीस चौकीत येऊन बसले.

मार्शल हाही घोड्यांचाच. जुन्या जर्मानिक भाषेत ‘मराह’ घोडा, ‘स्काल्क’ चाकर. फौजेत त्याची जागा कॉन्स्टेबलच्या खाली. आमदारांना सभागृहाबाहेर काढतात ते मार्शल याच घरचे. ‘कोर्ट मार्शल’मधला मात्र वेगळा, तो मार्स या रोमन युद्धदेवाच्या नावावरून आलेला.

सेनेशलपाशी खरा सापळा आहे. ‘सेने’ दिसले की हात सेनापतीकडे जातो. इथेही तोच स्काल्क, फक्त आधी ‘म्हातारा’ या अर्थाचा शब्द: घरातला जुना चाकर. पुढे तो वाड्याचा नि कारभाराचा प्रमुख झाला. कारभारी म्हणा.

चॅन्सेलरला कुलपती केलेत तर विद्यापीठ डोक्यात येईल. तो पत्रे, सनदा लिहवून घेणारा. चिटणीस हा शब्द तयारच आहे. अँटिऑकचा चॅन्सेलर वॉल्टर याने वर सांगितलेल्या लढाईची हकीकतच लिहून ठेवली. बटलरच्या मुळाशी बाटली आहे. तो मद्याच्या कोठाराचा मुख्य, तेव्हा शिवकाळातल्या अठरा कारखान्यांतल्या (सरकारी खात्यांतल्या) आबदारखान्याच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याच्या, धर्तीवर ‘आबदार’ चालेल.

एक तुम्ही विचारले नाही, पण मजकुरात भेटेलच: ‘अँटिऑकचा ड्यूक’. हा उमराव नव्हे. 1098 मध्ये क्रुसेडरांनी शहर सेल्जुक तुर्कांकडून घेतले; त्या तुर्कांच्याही आधी तिथे बायझंटाइनांचा, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा, ‘दुक्स’ असे. नव्या धन्यांनी पदाचे नाव तेच ठेवून त्याच्याकडे शहराचा कारभार दिला. त्याला शहराचा सुभेदार म्हणू नका, सुभा फार मोठा होतो. ‘नगराधिकारी’ पुरे.